दुसऱ्याच्या नावावर लिहिताना जुळलेले सूर: तुमचे अनुभव सांगा

अनगोळकर
काल सार्वजनिक वाचनालयात एका पैलवानांचं आत्मचरित्र हाती आलं. बांधणी सैल झालेली, मागच्या कागदावर तारखांचे शिक्के गच्च. आत माझं नाव नाही, तसंच ठरलं होतं. पण लिहिलंय मी. इतक्या घरांत ते जाऊन आलंय हे बघून तिथंच उभ्यानं दोन प्रकरणं वाचली.

सुरुवातीला ते नुसते निकाल सांगायचे. कुणाला चीत केलं, कुणाशी बरोबरी सुटली. मग म्हटलं, मामा, आपण तालमीतच बसू. तिथं पोरं मातीत ताक, तेल, हळद कालवत होती. ते बघता बघता मामा बोलायला लागले. खुराकाचे पैसे कुठून यायचे, वडिलांनी म्हैस कधी विकली, सगळं. 'ढाक' मात्र काही केल्या वाक्यात बसेना. त्यांनी नातवाला अंगणात बोलावलं आणि डाव सावकाश करून दाखवला. मी वाक्य बदलून वाचायचो, ते म्हणायचे, "कंबर आत आली न्हाई अजून." दिवेलागणीपर्यंत एक परिच्छेद झाला! पैसे बेताचेच मिळाले, पण तसं काम पुन्हा मिळावं म्हणून मी या धंद्यात टिकून आहे.

शब्दांकन करणाऱ्यांनो, असा जोडीदार तुम्हाला कधी भेटला? कसा?

जांबोटीची
कुकर लावलाय, पटकन लिहिते. शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत निवृत्त हेडमास्तरांचं मनोगत मी लिहिलं. सर स्वतःबद्दल चकार शब्द काढेनात. पावसाळ्यात मलप्रभा चढली की कुठल्या वाडीची पोरं येऊ शकायची नाहीत, त्यांची नावं मात्र हजेरीपटासारखी तोंडपाठ. मग तीच नावं धरून लिहिलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे मीच लिहिलंय असं वाटतंय." आणि लगेच एक स्वल्पविराम काढायला लावला. शिट्टी झाली, येते परत.

निपाणी_जुनी_पेठ
आमच्या भागात १९८१ चं तंबाखू आंदोलन प्रत्येक घरात आहे. एका मुलानं वडिलांच्या आठवणी लिहायला मला बोलावलं. शरद जोशींच्या त्या आंदोलनात हे वडील, म्हणजे माझ्या तोंडी आजोबा, रस्त्यावर बसलेले. ते भाषणं आणि घोषणा सांगायचे, आणि आजी स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. "त्या दिवशी तुम्ही उपाशी नव्हतासा, मी भाकरी पाठवल्या हुत्या." भाकरी कुणी थापल्या, पीठ कुणाकडून आलं, रात्री घरात कोण कोण जागं होतं, हे तिलाच ठाऊक. मी आजीसाठी वेगळी वही केली.

मुलाला तो भाग नको होता. पैसे तो देत होता, त्यामुळं मी अडचणीत. तेव्हा आजोबाच म्हणाले, "तिचं काढणार असशील तर माझंबी काढ." पुस्तक दोघांच्या आवाजात झालं. मी आजवर केलेल्या कामांत मला हेच सगळ्यात खरं वाटतं.

शहापूर_मंडळ
आजोबांचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं हो.

आमचं थोडं वेगळं. बेळगावातल्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी मी संवाद लिहितो. नाव मंडळाचं. देखाव्यात पोरं जिवंत उभी असतात आणि ध्वनिमुद्रित संवादावर हालतात, त्यामुळं तलवार उपसायला जेवढा वेळ लागतो तेवढंच वाक्य हवं. ते मला मावळा झालेल्या गवंड्यानं शिकवलं. आता तालमीच्या रात्री तोच माझ्या शेजारी बसतो आणि म्हणतो, "सर, हितं श्वास घ्यायला जागा द्या."

वकिली_चष्मा
सुंदर अनुभव. तरीही एक सांगणं, करार लेखी करा. एका घराण्यानं माझ्या बहिणीकडून अख्खा मसुदा करून घेतला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात. 'शब्दांकन' म्हणून नाव येणार की नाही, किती वेळा फेरफार करून द्यायचे, रेकॉर्डिंग शेवटी कुणाकडं राहणार, हेही त्यातच लिहा. हिशेब आधी चोख असला की मग माणसं मोकळी बोलतात, हा माझा अनुभव आहे.

येळ्ळूरचा_पोऱ्या
पैलवान बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात लढलेले का? माझ्या मामानं एकाची कुस्ती बघितलीय, कान असे चेपलेले...

अनगोळकर
@येळ्ळूरचा_पोऱ्या, नाव सांगणार नाही रे बाळा. लिहिलं कुणी हे न सांगण्याचं मी त्यांना वचन दिलंय, ते इथंही पाळणार.
@निपाणी, आजीची वेगळी वही हे फार आवडलं. पुढच्या कामात मीही घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारणार.

खासबाग_माग
आमच्या विणकर काकांना कन्नडमधून बोलायला सोपं जातं, पुस्तक मात्र नातवंडांसाठी मराठीत हवं होतं. मी एका कन्नड शिक्षिकाबाईंना सोबत घेतलं, मोबदला निम्मा निम्मा. बाई ऐकता ऐकता उलटे प्रश्न विचारायच्या, जे मला सुचलेच नसते. आता त्या स्वतः कन्नडमधून काकांचंच लिहितायत. एका माणसाची दोन पुस्तकं होतायत, आणि आम्ही दोघं रोज एकमेकांना पानं पाठवतो. एवढा आनंद या कामानं आधी कधी दिला नव्हता.

जांबोटीची
आले परत. मागाच्या खडखडाटात रेकॉर्डिंग कसं केलंत?

खासबाग_माग
कॉलरला लावायचा छोटा माइक. आणि वीज गेली की धावत जायचं, तेव्हा माग बंद आणि काका मोकळे!

कडोली_रस्ता
काम मिळवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. कडोली, उचगाव, बेळगुंदी इथल्या साहित्य संमेलनांना जा, व्यासपीठाकडं कमी आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांकडं जास्त बघा. माझी तिन्ही चांगली कामं तिथल्या चहाच्या रांगेतून आली.

कंग्राळीची_सून
हे वाचून धीर आला. सासऱ्यांना त्यांच्या भातशेतीचं, जुन्या बासमतीचं सगळं लिहून ठेवायचंय. ते घरात गप्प असतात, बांधावर बसले की बोलतात. आसपासचं कुणी आहे का? पैसे मोठे नाहीत देता येणार, पण ठरलेले वेळेवर देईन.

कडोली_रस्ता
ताई, मी जवळच आहे. पहिल्या दोन भेटी बांधावरच घेऊ, तेव्हा वही आणत नाही. त्यांना माझं बसणं पटलं तर पैशाचं बोलू. रविवारी सकाळी चालेल?

कंग्राळीची_सून
चालेल. मामंजींना विचारते आणि कळवते.