दर गुरुवारचा बेकारीचा आकडा: आमच्या ग्रुपमधले चौघे त्यात कुठे आहेत?

फ्रिस्कोचा_बाळ्या:
दर गुरुवारी सकाळी साडेसातला (आमच्या टेक्सासच्या वेळेने) अमेरिकन लेबर डिपार्टमेंटचा आकडा येतो, आदल्या शनिवारी संपलेल्या आठवड्यात अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्सचे (बेकारी विम्याचे) नवे क्लेम, म्हणजे अर्ज, किती आले त्याचा. गेली तीन-चार वर्षं तो बहुतेक वेळा दोन ते अडीच लाखांच्या मधेच घुटमळतोय आणि दर वेळी टीव्हीवरचे सूटबूटवाले सांगतात की बघा, कोणी कोणाला काढत नाहीये, जॉब मार्केट ठणठणीत आहे.

आता आमचा क्रिकेटचा ग्रुप घ्या. चौदा जण, त्यातल्या चौघांना नारळ मिळाला. पहिला एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर, नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस, त्याने क्लेम टाकलाच नाही कारण कामासाठी 'उपलब्ध' असल्याची अट आहे आणि व्हिसावाला दुसरीकडे उपलब्ध कसा हे त्याच्या वकिलालाही नीट सांगता येईना, तो म्हणाला नसत्या भानगडीत पडू नकोस. दुसऱ्याला सोळा आठवड्यांचा सेव्हरन्स (काढताना कंपनी देते तो पगार) मिळाला, तो म्हणतो नंतर बघू. तिसरी कॉन्ट्रॅक्टवर टेन नाइंटीनाइनवाली, म्हणजे कंपनीची पगारी नोकर नव्हेच, तिचा विमाच नाही. चौथ्याने रीतसर क्लेम टाकला, तेव्हा एका गुरुवारी तो मोजला गेला, आणि आज सात महिने झाले तरी घरीच आहे. विम्याचे पैसे मिळायची २६ आठवड्यांची मुदत संपली, बेनिफिट बंद, म्हणजे आता तो कुठल्याच गुरुवारी नाही.

म्हणजे चार बेकार, आकड्यात आज शून्य. माझं म्हणणं एवढंच की हा आकडा बिनकामाचा आहे, तो लावायचा बंद करा.

गुरुवार_सहा_वाजता:
बाळ्याभाऊ, वाईट वाटलं वाचून, पण तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय. मी पुण्यात बसून ट्रेडिंग करतो, इथे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि तिकडचं घड्याळ मागे गेलं की सातला हा आकडा येतो, डॉलर आणि सोनं दोन्ही हलतात, माझा चहा थंड होतो. तरी सांगतो, अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेबद्दल इतक्या लवकर कळणारं दुसरं फारसं काही नाहीये.

मार्च २०२० आठवा. एका आठवड्यात २ लाख ८२ हजार, पुढच्या आठवड्यात एकदम ३३ लाख, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात साठ लाखांच्या वर. त्याआधीचा विक्रम १९८२ सालचा, तो सात लाखसुद्धा नव्हता, आणि २००९च्या मंदीतही एवढं कधी झालं नव्हतं. महिन्याच्या बेकारीच्या सर्वेची वाट बघत बसला असता तर तुम्हाला एप्रिल उजाडला असता, आणि तोही अर्धवट, कारण तो सर्वे महिन्यातल्या फक्त एका आठवड्याबद्दल विचारतो, बारा तारीख ज्यात येते त्या. आणि हे सर्वे नाहीत हो, खरोखरच्या माणसांनी भरलेले खरे अर्ज आहेत. नोकऱ्यांचा महिन्याचा जो सर्वे येतो त्यात सप्टेंबर २०२५ला सांगितलं की मार्चपर्यंतच्या वर्षात ९ लाखांहून जास्त नोकऱ्या जास्तीच्या धरल्या होत्या, आणि हाही प्राथमिक अंदाजच. क्लेममध्ये असा घोळ होत नाही.

आकडेमोड्या:
होतो होतो, थांबा जरा.

अर्ज खरे, पण टीव्हीवर दिसतो तो आकडा सीझनल अ‍ॅडजस्टमेंट करून आलेला असतो. जानेवारीत सणासुदीची हंगामी माणसं सुटतात, जुलैत मोटारींचे कारखाने नव्या मॉडेलसाठी बंद ठेवतात, ते सगळं काढून टाकायला गुणक वापरतात आणि ते गुणक दर वसंतात बदलतात. २०२३च्या एप्रिलमध्ये काय झालं? मार्चअखेरच्या आठवड्याचा १ लाख ९८ हजार जाहीर झालेला आकडा सुधारून २ लाख ४६ हजार केला. तेच अर्ज, तीच माणसं! महिनाभर सगळे 'दोन लाखांच्या खाली' म्हणून पेढे वाटत होते. आणि कोव्हिडमध्ये हे गुणकच इतके वेडेवाकडे झाले की ऑगस्ट-सप्टेंबर २०२०मध्ये गुणायची पद्धत सोडून बेरजेची पद्धत घ्यावी लागली.

शिवाय एकेका आठवड्याचा आकडा म्हणजे कशाचाही परिणाम असू शकतो. ऑक्टोबर २०२४मध्ये हेलीन वादळानंतर तो अडीच लाखांच्या वर गेला, झालं, मंदी आली मंदी आली, मग उतरला. सप्टेंबर २०२५ला २ लाख ६३ हजार, जवळजवळ चार वर्षांतला सगळ्यात मोठा, आणि त्यात तुमच्याच टेक्सासचा मोठा वाटा निघाला, बाळ्या. नंतर राज्याच्या खात्यानेच सांगितलं की दुसऱ्याच्या नावाने खोटे क्लेम टाकायचे प्रयत्न वाढले होते. म्हणून चार आठवड्यांची सरासरी बघायची. तीही एकटी नाही.

फ्रिस्कोचा_बाळ्या:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय की.

आकडेमोड्या:
अर्ध्या. तुझे तीन मित्र नव्या क्लेममध्ये नाहीत हा आकड्याचा दोष नाही, तो मुळात तेवढंच मोजतो: दारातून किती जण बाहेर पडले आणि त्यांनी खिडकीवर कागद दिला. मंजूर झाला की नाही हेही त्यात नाही. बाहेर ताटकळत किती उभे आहेत ते बघायचं तर कंटिन्यूड क्लेम बघ, म्हणजे आधीपासून बेनिफिट मागत असलेल्यांचा आकडा, एक आठवडा उशिराने येतो. २०२५च्या उन्हाळ्यात नवे क्लेम खालीच होते पण हा १९ लाखांच्या वर गेला होता, २०२१नंतर पहिल्यांदा. म्हणजे काढत कमी होते पण घेतही कोणी नव्हतं. तुझ्या चौथ्या मित्राची गोष्ट हीच.

गुरुवार_सहा_वाजता:
आणि तो आता खाली आला म्हणजे लोकांना नोकऱ्या मिळाल्या असंच नाही हे मला मान्य, बाळ्याचा मित्र २६ आठवडे संपून गळला तसे बाकीचेही गळतात. फ्लॉरिडात तर बारा आठवड्यांतच गळतात. पण आकडा बंद करा हे काय, ताप मोजायचं थर्मामीटर रक्तदाब सांगत नाही म्हणून कोणी फेकून देतं का?

एडिसनची_मावशी:
तुम्ही सगळे बाहेरून बोलताय, मी त्या आकड्यात होते म्हणून लिहिते. न्यू जर्सीत एका गोदामात ऑफिसचं काम करत होते, नऊ वर्षं. दर पगाराच्या चिठ्ठीवर या विम्याचे पैसे माझेही कापायचे, ही गोष्ट बहुतेक राज्यांत नसते, तिथे फक्त मालक भरतो, पण आमच्याकडे, पेनसिल्व्हेनियात आणि अलास्कात कामगारही भरतो. तेव्हा हे कोणी भीक म्हणून सांगू नये, माझ्या नवऱ्यासकट.

क्लेम टाकला त्या आठवड्यात टीव्हीवर म्हणाले क्लेम घटले. मी हसले. मग दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तेच प्रश्न: काम करायला सक्षम होतात का, उपलब्ध होतात का, काम शोधलंत का, कुठे पैसे मिळाले का. एकदा शेजारणीकडे चार दिवस मोदक करून दिले त्याचे तिने साठ डॉलर दिले होते, मी प्रामाणिकपणे 'हो' केलं, तर पुढे कागदपत्रं मागितली. मोदकांची पावती कुठून आणू?

आणि कंपनीने हरकत घेतली, म्हणे मी स्वतःहून सोडली. नंतर कळलं की ज्या मालकाचे लोक जास्त क्लेम टाकतात त्याचा कराचा दर वाढतो, म्हणून काही मालक भांडतातच. फोनवर सुनावणी झाली, मी ईमेल वाचून दाखवला, माझ्या बाजूने लागला. पण माझ्याबरोबरची एक जण इंग्रजीला घाबरून सुनावणीला बसलीच नाही. ती पहिल्या आकड्यात आहे, दुसऱ्यात नाही. आकडेमोड्या, तुमच्या त्या खिडकीवरून अशा पण परत जातात.

आकडेमोड्या:
मावशी, हे मला सुचलं नव्हतं. कंटिन्यूड कमी दिसण्यात नाकारलेल्यांचाही वाटा असतो, बरोबर.

खडूस_सोलापूरकर:
तुमची भांडणं वाचून मजा आली. निदान तुमच्याकडे दर गुरुवारी भांडायला काहीतरी आहे! आमच्याकडे यंत्रमाग बंद पडला की कामगार कुठल्या आकड्यात जातो? कुठल्याच नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे म्हणतात, ईएसआय (कामगार राज्य विमा) असणाऱ्यांना नोकरी गेल्यावर निम्मा सरासरी पगार, जास्तीत जास्त ९० दिवस. पण ईएसआयची पगाराची मर्यादा २१ हजार, आणि ज्याचं नाव हजेरीपटावरच नाही त्याला कसलं ईएसआय. कारखाने बंद पडले तर चहाच्या टपरीवर कळतं, दर आठवड्याला सरकारी आकडा येत नाही.

फ्रिस्कोचा_बाळ्या:
सोलापूरकर, बरोबर आहे हो, पण म्हणून आमच्याकडचा आकडा शहाणा ठरत नाही. 'तुमच्याकडे निदान आहे' हे ऐकलं की मला शाळेतला तो मुलगा आठवतो ज्याला डबा आवडला नाही तर आई आफ्रिकेतली उपाशी मुलं दाखवायची.

बरं, मी 'बंद करा' मागे घेतो. पण 'ठणठणीत' म्हणणं बंद करा, ते मागे घेणार नाही. १९३५ साली हा विमा सुरू झाला तेव्हा कारखान्यातल्या पगारी माणसासाठी बेतला. आज अ‍ॅपवर गाडी चालवणारा, टेन नाइंटीनाइनवाली, व्हिसावाला हे सगळे बाहेर. कोव्हिडमध्ये एकदाच गिगवाल्यांना वेगळ्या योजनेत घेतलं, मग संपलं.

गुरुवार_सहा_वाजता:
ठणठणीत मीही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं लवकर कळतं. २०२३च्या जूनमध्ये आकडा २ लाख ६० हजारांवर गेला तेव्हा मी मंदी धरून सोनं घेतलं होतं, मंदी काही आली नाही, तरी मी दर गुरुवारी बघतो. हे शहाणपण आहे की सवय, ते बायकोला विचारा.

एडिसनची_मावशी:
बाळ्या, त्या सेव्हरन्सवाल्या मित्राला सांग, 'नंतर बघू' करत बसू नकोस. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, टेक्सासात सेव्हरन्समुळे पैसे पुढे ढकलले जाऊ शकतात पण ते काय ते त्यांना ठरवू दे, अर्ज आत्ता टाक म्हणावं. आणि एकही आठवडा सांगायचा राहू देऊ नकोस, मी एकदा विसरले होते तर तो आठवडा परत मिळवायला फोनवर दोन तास.

फ्रिस्कोचा_बाळ्या:
सांगितलं. आज रात्री भरतोय म्हणाला. पुढच्या गुरुवारी टेक्सासचा एक वाढलेला दिसला तर तो आमचा विकेटकीपर.

आकडेमोड्या:
सीझनल अ‍ॅडजस्टमेंटनंतर पाऊण दिसेल.