शिबिरानंतर पुढे काय झालं? : बायकांच्या कर्करोग तपासणीचे अनुभव

३० ते ६५ वयाच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तो उपयोगी आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना तयार केलं. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग (कर्करोगाआधीच्या बदलाची संभाव्य खूण) उठतो का ते पाहायचं, एवढंच त्यांचं काम. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा शोध घेणारी चाचणी) मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

म्हणून या तपासणीशी संबंध आलेल्यांकडून आम्ही इथे अनुभव मागवतो आहोत. शिबिराला किती बायका आल्या हे लिहू नका. ज्यांना ‘पुढे दाखवा’ म्हणून सांगितलं, त्यांचं काय झालं ते लिहा. कुणाची नावं नकोत.

आशा सेविका, सोलापूर जिल्हा

फॉर्म भरायला घरी गेलं की बाई म्हणते, “मला कुठं काय होतंय?” अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, सगळं अंगावर काढायचं. पिशवीच्या तोंडाची तपासणी म्हटलं की पदर तोंडाला. मी आधी सासूशी बोलते. सासू तयार झाली की सून येतेच, उलटं कधी होत नाही.

एका शिबिरात डाग जाळायचं मशीन सोबत आणलं होतं. डाग दिसला, सिस्टरनं समजावलं, काही मिनिटांत काम झालं. भूल नाही, टाका नाही, बाई चालत घरी. मशीन नसतं तेव्हा तालुक्याची चिठ्ठी मिळते. मग पेरणी असते, नवऱ्याला वेळ नसतो, एसटीला पैसे नसतात. चिठ्ठी डब्यात राहते. मी स्वतः सोबत गेले तर बाई जाते. त्या दिवसाचं मला कुणी काही देत नाही, पण जाते.

आई सांगतेय, मी टाइप करतेय. पुणे

मी चार घरची धुणीभांडी करते. वस्तीत बायका तपासायला आल्या, त्यांनी हाताला धरून दाखवलं तेव्हा छातीतली गाठ मला कळली. दुखत नव्हती म्हणून मी गप्प होते. सोनोग्राफी, सुईची तपासणी, रिपोर्ट, दर वेळी खाडा. दोन घरची कामं सुटली. एका ताईंनी पगार न कापता सुट्टी दिली, त्यांचे उपकार विसरणार नाही. ऑपरेशन योजनेतून झालं. पण रिक्षा, जेवण आणि बुडालेला रोज योजनेत बसत नाही, ते कुणीतरी बघा.

दंतवैद्य, सातारा

मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणारी आजी ‘तंबाखू खाता का?’ला नाही म्हणते, आणि मनापासून म्हणते. ‘दात कशानं घासता?’ असं विचारा. गालाच्या आतला पांढरा चट्टा तिथेच सापडतो.

आरोग्य कर्मचारी, बीड

आमच्याकडे ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्याचा एक परिणाम अजून दिसतो. बाई म्हणते, “पिशवीच काढली, आता काय तपासता?” छाती आणि तोंड तपासायचं राहिलंच आहे, हे प्रत्येकीला बसून सांगावं लागतं.

दुसरं म्हणजे वेळ. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. मधल्या काळात घेतलेल्या शिबिरात गावात म्हाताऱ्या आणि पोरं. दसऱ्याच्या तोंडावर घेतलं तर बायका भेटतात, पण एचपीव्हीचा रिपोर्ट येईपर्यंत त्या कर्नाटकात किंवा कोल्हापूरकडे फडात. फॉर्मवरचा नंबर मुकादमाचा. बाईचा असा रिपोर्ट त्याला फोनवर कसा सांगायचा?

म्हणून आता आम्ही पावसाळ्यातच, खुरपणी आटोपली की तपासणी घेतो. उपचाराची तारीख टोळी निघायच्या आत पाडून घेतो. नंबर बाईच्या बहिणीचा किंवा माहेरचा घेतो. कारखान्याच्या भागातल्या उपकेंद्रांना यादी कळवायची सोय कुणी केली असेल तर इथे नक्की लिहा, आम्हाला ती हवी आहे.