ऊर्मिया सरोवर: आधी मोटर बंद करायची कुणी?

प्रश्न: इराणच्या ऊर्मियाचा अभ्यास करतेय. सरोवराला मिळणाऱ्या झरीनेह नदीचं पाणी सफरचंद, बीटला जातं. सरोवर आटून मिठाचा थर उघडा पडतो. आमचे वडीलही रात्री दोनला उठून मोटर लावतात, शेजाऱ्याची चालू असते म्हणून. गेम थिअरीनं (एकाचा फायदा दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतो, तेव्हाचं गणित) ही कोंडी सुटेल?

– हा डाव दर हंगामाला मांडला जातो. कुणी किती उपसलं हे सगळ्यांना दिसू दे, मग कमी उपसायचा शब्द पाळला जाण्याची शक्यता वाढते.

– आमच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाच्या हिशेबानं पिकं ठरवते. शेतीसाठी बोअरला बंदी!

– पण तिथं वाचलेलं पाणी गावच्याच विहिरीत राहतं. ऊर्मियात ते सरोवराला जाणार. शेतकऱ्याला भरपाई नको?

प्रश्नकर्ती: पटलं. भरपाई धरून गणित पुन्हा मांडते.