फ्रँकेनस्टाइनमधलं कोण तुम्हाला प्रत्यक्षात भेटलं? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतेच.

मेरी शेलीची फ्रँकेनस्टाइन गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा कॉलेजात वाचली होती, संक्षिप्त आवृत्ती, आणि तोवर मला फ्रँकेनस्टाइन हे त्या राक्षसाचंच नाव वाटायचं. ते बनवणाऱ्याचं नाव आहे. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन, जिनिव्हाच्या सुखवस्तू घरातला थोरला मुलगा, जर्मनीत इंगोलश्टाटला शिकायला जातो, जवळजवळ दोन वर्षं खपून आठ फुटी देह तयार करतो आणि त्या देहाने डोळे उघडल्याबरोबर घाबरून खोलीतून पळून जातो. ज्याला बनवलं त्याला शेवटपर्यंत नावच मिळत नाही. १८२३ मध्ये लंडनला यावर नाटक आलं तेव्हा जाहिरातीतल्या पात्रांच्या यादीत त्याच्या जागी नुसती रेघ छापली होती.

मला या वेळी वाचताना भीती नाही वाटली, ओळखीचं वाटत राहिलं. प्रत्येक पात्राशी अडखळले, अरे हा माणूस मी पाहिलाय, किंवा ही मीच आहे. तर तुम्हीही लिहा, कोणतं पात्र, कुठे भेटलं. गाजलेल्या दोघांवरच थांबू नका, छोटी पात्रंही येऊ द्या.

माझ्यापासून सुरू करते. मी व्हिक्टर होते, तीन दिवस.

माझी मुलगी ३१व्या आठवड्यात झाली, वजन एक किलो तीनशे. लगेच काचेच्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून बघायला नेलं आणि मी बघितलं आणि मान फिरवली. त्वचा इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या, नाकात नळी, पायाला वायर. कादंबरीत व्हिक्टरला त्याच्या हातून झालेला जीव जसा दिसतो ना, खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकणारी कातडी, ते वाक्य मी या वेळी वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवलं. सिस्टर म्हणायच्या, त्या गोल खिडकीतून हात घाला, बोट द्या तिला, ती धरेल. मी म्हणायचे उद्या. तीन दिवस उद्या. चौथ्या दिवशी सासूबाई आत गेल्या, तिच्याशी बोलत बसल्या, बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अगं, ती वाट बघतेय, आणि तू दारात उभी." एवढंच. मग गेले. बोट धरलं तिने.

मेरी शेलीची पहिली मुलगी फेब्रुवारी १८१५ मध्ये अशीच दिवस भरायच्या आधी झाली आणि दोनेक आठवड्यांत गेली. मेरी तेव्हा सतरा वर्षांची होती. नंतर तिने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलंय, की बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गार पडलं होतं, आम्ही शेकोटीपाशी चोळलं आणि ते उठलं. पुढच्याच वर्षी, जून १८१६ मध्ये जिनिव्हाजवळ तिने ही गोष्ट लिहायला घेतली. मला नाही वाटत की ती फक्त विज्ञानाबद्दल लिहीत होती.

आता तुम्ही.

* * *

मी इचलकरंजीजवळ पॉलिटेक्निकला शिकवतो. माझं पात्र क्रेंप. इंगोलश्टाटमधला पहिला प्रोफेसर. व्हिक्टर कुठलीकुठली जुनी किमयागारांची पुस्तकं वाचून आलेला असतो, हा ऐकून घेतो आणि सरळ म्हणतो की वेळ वाया घालवलास, सगळं नव्याने सुरू कर. दुसरा प्रोफेसर वाल्डमन तेच ऐकून हिणवत नाही, त्या जुन्या लोकांनी आपल्याला काय दिलं ते सांगतो, प्रयोगशाळा दाखवतो. पोरगा वाल्डमनच्या मागे जातो. पंधरा वर्षं मी क्रेंप होतो. एका मुलाने प्रोजेक्ट म्हणून बिनइंधनाचं इंजिन आणलं होतं, मी वर्गासमोर त्याला गप्प केलं, नंतर तो कॉलेजलाच आला नाही. आता कोणी असं काही आणलं की मी आधी म्हणतो, उघडून दाखव, कुठे काय जोडलंयस. पण वाल्डमन गोड बोलला म्हणून पुढचं सगळं घडलं हेही खरंय, त्यामुळे मला अजून कळत नाही की मुलाला कुठपर्यंत जाऊ द्यावं.

* * *

जस्टिनबद्दल कोणी लिहिणार असेल तर मीच लिहिते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, जस्टिन मोरित्झ फ्रँकेनस्टाइनांच्या घरात लहानपणापासून राहिलेली कामवाली मुलगी. तिच्या स्वतःच्या आईला ती नकोशी होती म्हणून बारा वर्षांची असताना या घरी आली. घरातला धाकटा विल्यम मारला जातो आणि त्याच्या गळ्यातलं आईचं छोटं चित्र जस्टिनच्या खिशात सापडतं. तिला स्वतःलाच माहीत नसतं कसं आलं. एवढ्यावर फाशी.

माझी आई ठाण्यात चार घरी धुणीभांडी करायची. मी नववीत होते. एका घरातली सोन्याची कुडी हरवली. त्या बाईंनी आरडाओरडा नाही केला, उलट फार गोड बोलल्या, म्हणाल्या की मावशी, चूक माणसाकडून होते, कबूल करा, आम्ही पोलिसात जात नाही. आई म्हणाली मी घेतली नाही. तीन दिवस रोज तेच. चौथ्या दिवशी चौकीत नेलं, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. रात्री घरी आली आणि म्हणाली, मी सांगितलं की पगारातून कापून घ्या. मी किंचाळले, घेतली नाहीस तर का म्हणालीस? ती म्हणाली, बाकीची तीन घरं सुटली असती.

जस्टिनही खोटी कबुली देते. कारण पाद्री तिला सारखा धमकावतो, कबूल नाही केलंस तर धर्मातून बाहेर, नरकात जाशील, आणि शेवटी तिला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण खरंच तशाच आहोत की काय. हे एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने दोनशे वर्षांपूर्वी लिहिलंय. कबुली म्हणजे काय असतं ते मेरी शेलीला ठाऊक होतं. ज्यांना कोणी कधी बाकावर बसवलेलं नाही त्यांना वाटतं की निर्दोष माणूस कबूल कशाला करेल.

आणि मला राग त्या राक्षसाचा येत नाही, ज्याने ते चित्र तिच्या कपड्यात ठेवलं. राग व्हिक्टरचा येतो. त्याला माहीत असतं की तिने केलेलं नाही. कोर्टात बसलेला असतो आणि बोलत नाही, कारण लोक वेडा म्हणतील. व्हिक्टरशी जिचं लग्न व्हायचंय ती एलिझाबेथ निदान उठून तिच्या बाजूने चार शब्द बोलते. आमच्या वेळी त्या घरातल्या मोठ्या मुलीला माहीत होतं की कुडी ती क्लासला घालून गेली होती आणि तिथे पडली. हे तिने मला अकरा वर्षांनी सांगितलं, लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा, रडत. आईने तिला चहा दिला. मी नाही बोलले. आईचे सात महिने पैसे कापले गेले होते.

* * *

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. बाकी काही लिहिता येत नाहीये. (धागाकर्ती)

* * *

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, नागपूरला बँकेत काम करतो, पुस्तकं मोबाईल वाचून दाखवतो. अर्थातच मला लोक सांगतात की तुझं पात्र दि लेसी. जर्मनीतल्या झोपडीतला आंधळा म्हातारा, गिटार वाजवणारा. शेजारच्या खोपटात तो नाव नसलेला लपून राहतो, फटीतून या घराकडे बघत बघत भाषा शिकतो, आधी त्यांचं अन्न चोरतो पण तरुण पोरं स्वतः उपाशी राहून बापाला वाढतात हे दिसल्यावर चोरणं बंद करतो आणि रात्री त्यांच्यासाठी लाकडं तोडून दाराशी ठेवतो. मग एक दिवस घरात म्हातारा एकटा असताना धीर करून आत जातो. म्हातारा त्याचं ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगा फेलिक्स येतो आणि काठीने मारतो.

छान आहे प्रसंग, मी रडलोय. पण एक सांगू का, डोळे नाहीत म्हणून माणूस भेदभाव करत नाही हे खोटं आहे. मी आवाजावरून करतो. बोलीवरून करतो. घामाच्या वासावरून केलाय. काउंटरवर एक गृहस्थ यायचे, शब्द ओढत, थुंकी गिळत बोलायचे, मी मनात ठरवून टाकलं पिऊन येतात. सहा महिने त्यांच्याशी तुटक वागलो. मग सहकाऱ्याने सांगितलं, त्यांना अर्धांगवायू होऊन गेलाय, एका बाजूचं तोंड वाकडं आहे. जे तुम्हाला पहिल्या दिवशी दिसलं ते मला सहा महिने दिसलं नाही आणि मी त्या माणसाला माझ्या कानांनी काठी मारत राहिलो. पुस्तकातल्या त्या बिचाऱ्याचं बोलणं गोड होतं, पुस्तकं वाचून शिकलेलं, म्हणून दि लेसीने बसवून घेतलं. तोतरा असता तर?

* * *

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी नाव नसलेला. पाच वर्षांचा असताना स्टोव्हचा भडका उडाला, डावा गाल आणि मान. लोकांच्या नजरेची सवय झालीय, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

कादंबरीत एक मुलगी पाय घसरून नदीत पडते, हा उडी मारून तिला बाहेर काढतो, शुद्धीवर आणायला धडपडतो, तेवढ्यात तिच्यासोबतचा माणूस येतो, तिला हिसकावून घेतो आणि याला गोळी घालतो. पानभराचा पण नाही तो प्रसंग. मी जत्रेत एक तीनेक वर्षांचं पोर रडताना बघितलं, उचलून कडेवर घेतलं आणि माईकवरून पुकारतात त्या मंडपाकडे निघालो. मध्येच बापाने गाठलं, पहिली थप्पड, मग चार-पाच जण. पोरं पळवणारा म्हणून. मंडपातल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने सोडवलं. हे २०१८ च्या उन्हाळ्यातलं. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. ते वाचून मला दोन रात्री झोप नव्हती. आजही रस्त्यात मूल पडलं तर मी आधी आजूबाजूला बघतो आणि मग हाक मारतो, कुणाचं आहे हो हे. उचलत नाही.

* * *

थोडं वेगळं. रत्नागिरीहून. माझं पात्र कादंबरीत एकदाही दिसत नाही. मार्गारेट सॅव्हिल. अख्खी गोष्ट म्हणजे तिला आलेली पत्रं आहेत, भाऊ रॉबर्ट वॉल्टन उत्तर ध्रुवाकडे जहाज घेऊन गेलाय तो लिहितोय. तिचं एकही उत्तर नाही. तिची आद्याक्षरं एम डब्ल्यू एस, म्हणजे लेखिकेचीच. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत, २०२० मध्ये करार संपून गेला तरी उतरायला मिळेना, बंदरात घेईनात, पाच महिने जास्तीचे. नेटवर्क आलं की एकदम वीस-पंचवीस मेसेज पडायचे. समोर किनारा दिसतो ताई पण पाय ठेवता येत नाही. एक मुलगा बोलायचाच बंद झालाय. मी उत्तर टाइप करायचे तोवर तो परत रेंजबाहेर, एकच टिक. माझे ते मेसेज त्याने घरी आल्यावर वाचले, सगळे, सलग, ओसरीवर बसून. खलाशांनी हट्ट धरला म्हणून वॉल्टन जहाज मागे फिरवतो, त्याला ती हार वाटते. मार्गारेटला काय वाटलं असेल ते मी सांगू शकते.

* * *

व्हिक्टरचा मित्र क्लर्व्हल कोणीच नाही लिहिला का अजून? व्हिक्टर पळून जातो, आजारी पडतो, तेव्हा महिनोन्‌महिने सेवा करणारा हाच. नव्या प्रयोगाबद्दल एक प्रश्न विचारत नाही. फारसी, अरबी, संस्कृत शिकतो, १८३१ च्या सुधारलेल्या आवृत्तीत तर त्याला हिंदुस्थानात यायचं असतं. आणि मित्राच्या पापापायी मरतो. माझ्या रूममेटसाठी हे लिहिलं. तो जिवंत आहे, दापोलीला असतो, आज फोन करतो त्याला.

* * *

मी अर्नेस्ट.

बहुतेकांना आठवणारही नाही. व्हिक्टरचा मधला भाऊ. विल्यम मारला जातो, जस्टिन फाशी जाते, क्लर्व्हल, मग लग्नाच्या रात्री एलिझाबेथ, त्या धक्क्याने वडील. व्हिक्टर जिनिव्हाला परततो तेव्हा एका वाक्यात येतं की वडील आणि अर्नेस्ट अजून होते. वडील जातात. व्हिक्टर सूड घ्यायला बर्फाकडे निघतो. अर्नेस्टचं पुढे काही नाही. कोणी निरोपसुद्धा घेत नाही त्याचा. काही लोक म्हणतात लेखिका विसरली. मला नाही तसं वाटत, माझ्या घरात मी तसाच होतो.

वडिलांच्या पत्रात विल्यमच्या मृत्यूची हकीकत आहे ती नीट वाचा. संध्याकाळी सगळे फिरायला गेलेले, दोघं भाऊ पुढे खेळत असतात, मग अर्नेस्ट एकटाच परत येतो आणि विचारतो, विल्यम दिसला का? आम्ही खेळत होतो, तो लपायला पळाला, मी शोधतोय.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात. मी दहाचा, धाकटा सहाचा. दिवाळीची सुट्टी, मामाचं शेत, लपंडाव. मी शंभरपर्यंत म्हणायचं होतं, मी साठ झाल्यावर पळालो कारण मला जिंकायचं होतं. सापडेना. मी बाजेखाली बघितलं, कडब्यात बघितलं, गोठ्यात, मग आईला जाऊन हेच विचारलं, दिसला का गं तो. विहिरीला कठडा नव्हता.

मला कोणी कधी एक शब्द बोललं नाही. आई जाईपर्यंत नाही. सगळे मामाला बोलले, कठड्यावरून. मामाने पुढच्याच महिन्यात कठडा बांधला. आता माझे केस पांढरे झाले. मामाच्या नातवंडांनी परवा अंगणात खेळताना मला हाक मारली, आजोबा तुमच्यावर राज्य. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि शंभरपर्यंत म्हटले, सगळे, एकही न गाळता.