गोदामातल्या क्लिपा कडक झाल्या, कारण कसं ओळखावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. ठिबकच्या नळ्यांसाठी पॉलिप्रॉपिलीनच्या क्लिपा करतो, निपाणी-चिकोडीकडचे ऊसवाले नेतात.

परवा खानापूरच्या एका काकांनी वर्षभर शेतात राहिलेल्या क्लिपा आणून दाखवल्या. वरून पांढुरक्या, नखाने खरवडलं की भुकटी निघते, बिजागरीपाशी वाकवलं की कटकन मोडतात. हे उन्हाचं काम, एवढं समजतं: प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि स्फटिकांना (रेणू नीट रचून बसलेल्या भागांना) एकमेकांशी बांधणारे दुवे जातात. काकांना माल बदलून दिला.

माझी झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. त्याच बॅचचा माल गोदामात, पोत्यात, अंधारात होता. तोही आता पहिल्यापेक्षा कडक लागतो आणि वाकवल्यावर पांढरी रेघ लवकर उमटते.

पॉलिप्रॉपिलीनचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली रेणूंची हालचाल गोठून प्लास्टिक काचेसारखं होतं) 0 अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या हवेत रेणू थोडे हलत राहतात, आणि त्यातला अस्फटिक (विस्कळीत रचनेचा) भाग हळूहळू आवळत जातो, थोडी स्फटिकताही वाढते. हे नुसतं मुरणं असेल तर चिंता नाही. पण आम्ही 20 टक्के दळलेला जुना माल मिसळतो. त्यामुळे स्टॅबिलायझर (माल खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) कमी पडून ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने साखळ्या तुटणं, सुरू झालं असेल का?

नव्या आणि जुन्या क्लिपांचा मेल्ट फ्लो (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचं माप) काढून बघावा म्हणतो. साखळ्या तुटल्या असतील तर तो वाढेल, नुसतं मुरलं असेल तर तसाच राहील. हा तर्क बरोबर आहे का? बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात ही चाचणी कुठे करून मिळेल? पुढची खेप याच मिश्रणाची निघायची आहे, ती थांबवून ठेवली आहे.