मदत हवी आहे : टेक्सासचा इन-स्टेट फीचा निकाल आणि एच-४ वरून एफ-१ वर जाणारी मुलं

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. लेक इथल्याच एका सरकारी विद्यापीठात सेकंड इयरला आहे, सध्या इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) भरतो. ईबी-२ च्या (नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या) रांगेत आमचा नंबर कधी लागेल देव जाणे. त्याआधीच ती २१ ची होऊन एच-४ मधून (आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) बाहेर पडणार, म्हणजे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागणार.

टेक्सासने २००१ मध्ये कायदा केला होता (तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरींची सही आहे त्यावर, आज कुणाला खरं वाटायचं नाही!). इथल्या हायस्कूलमधून पास झालेल्या आणि त्याआधी सलग ३६ महिने राज्यात राहिलेल्या मुलांना, कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रं नसली तरी इन-स्टेट फी. ४ जून २०२५ ला केंद्राच्या न्याय खात्याने त्याविरुद्ध दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि जज ओकॉनर यांनी कायमची मनाईही देऊन टाकली. वादी-प्रतिवादी एकाच सुरात. ज्या मुलांची फी वाढणार, त्यांना कुणी विचारलंच नाही. आधार १९९६ च्या केंद्रीय कायद्याचा : कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांना राज्यातल्या रहिवासाच्या जोरावर अशी सवलत द्यायची, तर ती सगळ्याच अमेरिकी नागरिकांना द्यावी लागते. कॅलिफोर्नियाचा तसाच कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये टिकवला होता, कारण तिथली अट रहिवासाची नसून तिथल्या शाळेत शिकल्याची होती.

आता आमचा पेच. मनाई 'कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांपुरती' आहे, म्हणजे वाचताना आम्ही सुटलो असं वाटतं. पण एच-४ वर टेक्सासचं डोमिसाइल (कायमचा रहिवास) दाखवता येतं, एफ-१ वर नाही. म्हणून एफ-१ वर गेलेली आपली मुलं आजवर याच २००१ च्या हायस्कूलच्या कलमावर, अॅफिडेव्हिट देऊन इन-स्टेट राहायची. ते कलम आता एफ-१ वाल्यांना लागू धरतात की नाही, यावर विद्यापीठाच्या ऑफिसात दोघांनी दोन उत्तरं दिली. शिवाय स्टेटसचे कागद मागवलेत ते वेगळंच.

निकालानंतर कुणाचं मूल २१ पार करून एफ-१ वर गेलंय का? फी इन-स्टेटच राहिली का? आय-२० (विद्यापीठाने एफ-१ साठी दिलेला फॉर्म) आणि आय-९४ (देशातल्या प्रवेशाची नोंद) वर भागलं, की नवं अॅफिडेव्हिट द्यावं लागलं? स्टेटस बदलाचा अर्ज पेंडिंग असताना सेमिस्टर सुरू झालं तर फी कुठल्या दराने लावतात?

वकिलांची वेळ घेतली आहे, त्यामुळे 'वकिलाला विचारा' एवढंच कृपया लिहू नका. त्यांच्यापुढे काय काय मांडू, तेही सांगा.