रेटपेयर म्हणजे करदाता?

प्रश्न (दादर): हाँगकाँगच्या सॅनिटरी बोर्डाबद्दल लिहितोय. १८८८ साली तिथल्या रेटपेयर्सनी मत देऊन बोर्डावर पहिल्यांदा दोन सभासद पाठवले. बाकीचे सरकारी किंवा सरकारने नेमलेले. ‘करदात्यांनी निवडले’ असं लिहिलं, पण मन मानेना. आणि ‘सॅनिटरी’ म्हणजे आरोग्य की स्वच्छता?

उत्तर (गिरगाव): ‘करदाते’ नकोच. आज तो शब्द वाचला की इन्कम टॅक्स आठवतो. रेट म्हणजे आपली पट्टी, जागेवर बसणारी. मुंबईतही तेच होतं. १८७२च्या कायद्याने कॉर्पोरेशनचे ६४ सभासद ठरले, त्यांतले ३२ रेटपेयर्सनी निवडायचे. आता गिरणगावातल्या चाळीत राहणारा कामगार बघा. तो खोलीचं भाडं भरायचा, पट्टी मालकाच्या नावावर. म्हणून मत मालकाला. भाडेकरूला मत मिळालं ते १९२२च्या कायद्याने, तेही महिना १० रुपये भाडं असेल तरच. आमच्या आजोबांची खोली त्याहून स्वस्त होती, म्हणून हे मला लागतं. ‘करदाता’ लिहिलंत की कोण आत होतं आणि कोण बाहेर, ते पुसलं जातं. ‘घरपट्टी भरणारे’ लिहा.

हाँगकाँगला वर आणखी एक चाळण होती: ज्युरीच्या यादीत नाव हवं. ज्युरीत बसायला इंग्रजी यावं लागे, त्यामुळे बहुतेक चिनी रहिवासी बाहेरच राहिले. हे वाक्य गाळू नका.

उत्तर (परळ): ‘स्वच्छता’ म्हटलं की हल्ली झाडू दिसतो. त्या बोर्डापुढचे प्रश्न मोऱ्यांचे, गटारांचे, संडासांचे, एका खोलीत किती माणसं कोंबायची याचे. ‘आरोग्य मंडळ’ बरं, पण पहिल्या उल्लेखात ‘सॅनिटरी बोर्ड’ राहू द्या. मुंबईकरांनीही अशी नावं तशीच ठेवली. १८९६ला मांडवीत प्लेग निघाला, त्यावर उपाय म्हणून १८९८ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला, आणि त्याच्या चाळींना आपण अजून बीआयटी चाळीच म्हणतो.

दादर: आभार. वाक्य असं केलंय: ‘१८८८ साली सॅनिटरी बोर्डावरच्या दोन जागा घरपट्टी भरणाऱ्या, ज्युरीच्या यादीतल्या लोकांनी मत देऊन भरल्या.’

गिरगाव: चालेल. पुढे ‘बाकीचे नेमलेले’ हेही त्याच वाक्यात घ्या.